आधी कंगवा, मग पाणी

मांजरींच्या ग्रूमिंगचं, म्हणजे विंचरणं, गाठी सोडवणं, आंघोळ घालणं असं काम शिकायचं म्हणून आजवर चार-पाच मुलींनी मला फोन केले. एक देवळीची, एक थेट पांढरकवड्याची. प्रत्येकीला तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून एकदाच लिहून टाकते. मांजरीला हात लावायची भीती नाही, स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि स्टीलचा कंगवा यातला फरक कळतो, क्लिपरच्या, म्हणजे केस कापायच्या मशीनच्या ब्लेडचे नंबर ऐकून आहात, असं धरून चालते. ते नसेल तर आधी तेवढं करून या.

मी मूळची पार्लरवाली. आर्वीत सहा वर्षं थ्रेडिंग, फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. मांजरींकडे वळले ते आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे. त्यांची पोरगी पुण्यात नोकरीला. तिनं हौसेनं पर्शियन, म्हणजे लांब केसांची मांजर घेतली, पुढे खोली बदलावी लागली, नव्या घरमालकाला मांजर चालेना, आणि मांजर आली गावी आईकडे. (माझी निम्मी गिऱ्हाइकं आजही अशीच आहेत. मांजर घेतली पोरांनी, विंचरते आई.) काकू म्हणाल्या, "तू बायांचे केस सोडवतं नं व? मंग माह्या मांजरीचे काहून नाही जमणार?"

जमणार, असंच मलाही वाटलं. आणि तिथंच मी फसले.

पार्लरमध्ये गुंतलेले केस आले की आपण काय करतो? शाम्पू, मग भरपूर कंडिशनर, पाच मिनिटं थांबायचं, आणि ओल्यातच मोठ्या दातांच्या कंगव्यानं सोडवायचं. हाताला तीच सवय. त्या मांजरीच्या काखेत, कानामागे आणि मागच्या मांड्यांना गाठी होत्या. दाबल्या तर अजून मऊ लागत होत्या. मी तिला टबात बसवलं, आंघोळ घातली, कंडिशनर चोळलं. टॉवेलनं खसाखसा पुसलं. वाळल्यावर पाहते तर गाठींची ढेकळं झालेली. कंगवा तर सोडाच, सुई जाईना. मग घाबरून मी पार्लरची कात्री घेतली. काखेतल्या गाठीखाली टोक सरकवलं आणि कापलं. गाठ निघाली. तिच्यासोबत रुपयाएवढी कातडीही निघाली.

मांजर ओरडलीसुद्धा नाही, नुसती ताठ झाली. रक्त पांढऱ्या केसांवर उतरलं तेव्हा काकूंनी पाहिलं. वर्ध्याला नेऊन तीन टाके घातले, जाताना-येताना गाडीत कोणी बोललं नाही. बिल मी दिलं. काकूंनी मागितलं नव्हतं, त्याचंच जास्त लागलं. पुढचे दोन महिने मी त्यांच्या दारावरून न जाता मागच्या बोळातून पार्लरला जात होते.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पर्शियनच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब, जरा राठ केस. आत अतिशय बारीक, मऊ अंडरकोट. आतले केस मेले की ते सुटतात, पण वरच्या लांब केसांच्या जाळीत अडकून बसतात. तीच गाठीची सुरुवात. केसाच्या कांडीवर बारीक खवले असतात, घरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक. पाणी लागलं की केस फुगतो, खवले उघडतात, आणि चोळलं की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. वाळताना सगळं आकसून घट्ट होतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासून धुतला तर त्याचं काय होतं ते आठवा. बाईचे केस ओल्यात सुटतात कारण ते जाड असतात, सरळ असतात आणि खाली असा मेलेला कापूस साचलेला नसतो. मांजरीत तो असतो. शिवाय गाठीच्या पोटातलं कंडिशनर कितीही धुतलं तरी निघत नाही; खालची कातडी दिवसेंदिवस ओलसर राहते, वास येतो, लाल होते.

दुसरी गोष्ट कातडीची. मांजरीची कातडी पातळ आणि सैल. गाठ घट्ट होते तशी ती कातडीला वर ओढून घेते, तंबूसारखी. मग गाठीच्या बुडाशी जी पांढुरकी घडी दिसते, ती केस आहे की कातडी हे डोळ्यांना कळत नाही. कात्रीला तर मुळीच कळत नाही. म्हणून माझ्या पेटीत आज कात्री आहे ती फक्त पंज्यांच्या बोटांमधले केस टिपायला, तीही बोथट टोकाची. गाठीला कात्री नाही. नाही म्हणजे नाही. "मी जपून कापते" असं म्हणणारी प्रत्येक मुलगी एकदा टाके घालायला गेलेली असते.

तेव्हा कंगवा कातडीपर्यंत जाऊन अडखळल्याशिवाय बाहेर आला, अंगाच्या प्रत्येक भागातून आला, तरच पाणी. एका ठिकाणी अडला तरी आंघोळ रद्द.

आणि नुसतं वरून गुळगुळीत दिसण्यावर जाऊ नका. घरचे लोक पाठीवरून रोज ब्रश फिरवतात, वरचे केस चमकतात, खाली चटई तयार झालेली असते. केस हातानं वर धरून एकेक ओळ मोकळी करायची, आपण भांग पाडतो तशी, आणि मुळाशी कातडी दिसली पाहिजे. गाठ लागली की तिच्यावर थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, तेलकटपणा जातो आणि केस सरकतात. गाठीचं बूड दोन बोटांत धरा, म्हणजे ओढ कातडीला न लागता तुमच्या बोटांना लागेल. मग टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. सुपारीएवढ्या गाठीला दहा मिनिटं लागतात. व्हिडिओत ती दहा सेकंदांत सुटते, कारण मधली जवळपास दहा मिनिटं कापलेली असतात.

गाठ कातडीला चिकटूनच असेल, कंगव्याचा दात खाली शिरत नसेल, तर सोडवायचा हट्ट नको. तो मांजरीचा छळ होतो. क्लिपर घ्या, १० नंबरचं ब्लेड लावा. ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. कातडी दुसऱ्या हातानं ताणून सपाट करायची आणि ब्लेड आडवं ठेवून सावकाश चालवायचं. ४० नंबर केस अगदी कातडीजवळून कापतं, ते लावून "एकदम साफ" करायच्या मोहात पडू नका. काख, जांघेतली लोंबती घडी, मागच्या पायाची शीर, कानाच्या कडेची छोटी खोबण या जागा पहिले सहा महिने तरी स्वतः करू नका. स्तनाग्रं बोक्यालाही असतात, पोटावर ब्लेड नेण्याआधी बोटानं चाचपा. आणि ब्लेड दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. तुम्हाला चटका बसला, तर मांजरीला कधीचाच बसलाय.

हे वाचून धडकी भरली असेल. भरू द्या थोडी. पण केस परत येतात, चार-सहा महिन्यांत बरेचसे भरतात. हात सगळ्यांचाच थरथरतो. थरथरत नाही त्या मुलीला मी कामावर ठेवत नाही.

आपल्याकडच्या गाठींची कारणं शहरातल्या पुस्तकी यादीत नसतात. भाव वाढेल म्हणून कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवलेला असतो, आणि मांजरीला त्याहून छान गादी कुठली? तिथं झोपून उठली की कापसाचे तंतू अंडरकोटमध्ये शिरतात आणि प्रत्येक तंतू गाठीला दोरीसारखा बांधतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत मी घरात शिरले की आधी विचारते, "कापूस कुठं ठेवला?" पावसाळ्यानंतर आघाडा, गोखरू, कुसळं. कुसळ फक्त केसात नसतं, कधी कातडीत घुसलेलं असतं; पू दिसला की हात काढा आणि दवाखान्यात पाठवा. आणि खोबरेल. "केस मऊ होतीन म्हणून लावलं जी" म्हणतात. त्यावर धूळ बसते, झालं काम.

केसगळतीबद्दल स्पष्ट सांगते: ती बंद होत नाही. दिवसाच्या उजेडाच्या लांबीप्रमाणे मांजरीचे केस बदलतात, आणि घरात रात्री दिवे असले की गळती वर्षभर थोडी थोडी चालते. गळणारे केस तुमच्या कंगव्यात यावेत की गादीवर आणि तिच्या पोटात, एवढंच आपल्या हातात. दोन-तीन दिवसांआड विंचरणं आणि महिना-दीड महिन्यानं आंघोळ घालून ब्लोअरनं मुळापर्यंत वाळवणं, इतकंच. डिशेडिंगचं (सुटे केस ओढून काढायचं) दाताळं रोज ओढणाऱ्यांनी चांगले केसही तोडलेले मी पाहिलेत. नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजरीचे केस मात्र कुठलाही ब्रश सुधारणार नाही. तिला मांस लागतं, त्यातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं. ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय दोन्ही जातं. शाकाहारी घरात हे सांगताना आवाज खाली येतो, तरी सांगा.

वाळवण्यात आपली अडचण वेगळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर, घरोघरी कूलर, आणि कूलरची हवा दमट. वरून वाळलेली मांजर आतून ओली राहते आणि दोन दिवसांत पुन्हा गाठी. वाळवायच्या खोलीत कूलर बंद, पंखा चालू, ब्लोअर कोमट. वीज जाते, म्हणून क्लिपर बॅटरीवरचा घ्या आणि लाइन नसेल तर आंघोळ सुरूच करू नका. चपट्या नाकाची मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली की काम तिथंच थांबवा. कुत्र्याचं ते नेहमीचं असतं, मांजरीचं नसतं.

उन्हाळ्यात सगळ्यांची एकच मागणी: "पुरी टकली करून टाका." अंगभर चटई झाली असेल तर करते, त्यातच दया आहे. केस मोकळे असतील तर नाही म्हणते. ते ऊन अडवतात. पोट आणि मागचा भाग आखूड केला तरी पुरतं. हे पटवण्यात कंगव्यापेक्षा जास्त वेळ जातो.

शिकवणाऱ्यांबद्दल. नागपुरात एका क्लासला मी दोन दिवसांचे पैसे भरले. सोनेरी कडेचं सर्टिफिकेट मिळालं, मांजर हातात मिळाली नाही. केस झाडायला मात्र मिळाले. खरं शिकले ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका ड्रेसरकाकांकडून, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या काकांकडून. त्यांनी महिनाभर फक्त धरायला शिकवलं. "मांजर दाबू नको, तिले वाटलं पाहिजे का ते सोताच बसून हाय." शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, की सोडायचं. वीस मिनिटं, मग सुट्टी. दोन बैठकांत काम केलं तर कमीपणा नाही.

मांजर चावलीच तर हळद लावून बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. मांजरीचे सुळे खोल जातात, जखम वरून लहान दिसते. गोल टक्कल, खवले दिसले तर नायटा समजा. तो आपल्यालाही होतो, आणि एका कंगव्यानं दहा घरी पोचतो. कुत्र्यांच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध, फिनाइल, रॉकेल, माणसाची पॅरासिटामॉल यातलं काहीही मांजरीला म्हणजे विष. गुंगीचं इंजेक्शन फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानं द्यायचं, त्यासाठी १९८४ चा कायदा आहे. मेडिकलवाला ओळखीचा असला तरीही.

आणि काम सुरू करायच्या आधी गाठींचे फोटो काढा, मालकाला खालची कातडी दाखवा, कागदावर सही घ्या. गाठ निघाल्यावर दिसणारी लाल कातडी तुमच्याच नावावर लिहिली जाते.

काकूंनी दीड वर्षानं परत बोलावलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मांजरीच्या काखेत टाक्यांची रेघ अजून आहे, तिथं केस थोडे विरळच उगवतात. आता दर महिन्याला जाते. मी ओसरीवर बसून विंचरते आणि काकू बाथरूमच्या दारात कोमट पाण्याची बादली घेऊन उभ्या.

"घालू का आता?"

"थांबा काकू. डाव्या काखेत एक राहिली."