घरी तांबडा-पांढरा पार्टी करताय? मग या चुका टाळा

थीम पार्टी ठरली की पहिली धावाधाव सजावटीच्या सामानासाठी होते. कोल्हापुरात थीम आयतीच ताटात असते: मटणाचा तांबडा आणि पांढरा रस्सा. लाल-पांढरे कपडे, लाल-पांढरी फुलं, ताटात दोन रंगांच्या वाट्या, एवढ्यानं घर सजतं. पार्टी बिघडते ती स्वयंपाकघरात आणि वाढताना, म्हणून लक्ष तिथं द्या.

सगळं कोल्हापूर एकाच ताटात नको

मिसळ, भेळ, लोणी डोसा, रस्सा, वर कॉकटेल आईस्क्रीम असा बेत ऐकायला झकास वाटतो. घरात शेगड्या दोन-तीन आणि हात मोजकेच. डोसे घालणारा माणूस तव्यापाशी अडकतो आणि रस्सा निवतो. एकच पदार्थ राजा करा, बाकीचे त्याच्या सोबतीला. रश्श्याची पार्टी असेल तर सुकं मटण, भाकरी, भात, दहीकांदा, लिंबू आणि शेवटी आईस्क्रीम, बास. मिसळीचीच थीम हवी असेल तर ती सकाळी ठेवा आणि सोबत स्लाइस ब्रेड आणा. पाव दिला तर कोल्हापूरकर पाहुणा बोलणार नाही, पण त्याला चुकल्यासारखं नक्की वाटेल.

रश्श्याचा हिशेब मटणावर करू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मटणाच्या फोडी माणूस मोजून घेतो, रस्सा मात्र वाटीनं पीत राहतो. दोन्ही मिळून माणशी चार वाट्या धरा. १५० मिलीची वाटी धरली तर २० जणांना १२ लिटर रस्सा लागतो. त्यात सात तांबडा, पाच पांढरा. मटण चार किलो पुरतं, पण तेवढ्याच्या अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखटाच्या पाण्यात, १२ लिटरला दम येत नाही. मटणासोबत किलोभर नळ्या आणि हाडं वेगळी मागून घ्या आणि ती मंद आचेवर भरपूर वेळ उकळा. ऐनवेळी रस्सा कमी पडला म्हणून गरम पाणी ओतणं हा उपाय नव्हे. थोडं अळणी पाणी आधीच बाजूला काढून ठेवलेलं असावं.

पांढरा फुटतो, पिवळा पडतो

मटण शिजवताना सवयीनं हळद पडली की पांढरा रस्सा पांढरा राहत नाही. हाडं शिजवताना हळद घालूच नका आणि त्याच पाण्याचा पांढरा करा. पाच लिटरला साधारण पाच नारळ लागतात. आलं-लसूण, खडा मसाला आणि काजू-तिळाचं वाटण परतून त्यात आधी नारळाचं पातळ दूध आणि अळणी पाणी घाला. घट्ट दूध सगळ्यात शेवटी, आच अगदी बारीक करून. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, झाकण ठेवून विसरायचंही नाही. घट्ट दुधात आधी पळीभर गरम रस्सा मिसळून मग ते पातेल्यात घातलं तर फुटण्याचा धोका बराच कमी होतो.

फुटलाच तर घाबरू नका. लगेच खाली उतरवा, गाळा, मूठभर भिजवलेले काजू बारीक वाटून कोमट पाण्यात कालवा आणि रवीनं घुसळत त्यात घाला. आधीचा मऊपणा पूर्ण परत येत नाही, पण वाढण्याजोगा होतो. लिंबू पातेल्यात कधीच पिळू नका, ते ज्याच्या त्याच्या वाटीत.

लाल रंग म्हणजे जाळ नव्हे

तांबडा लालभडक दिसावा म्हणून तिखट वाढवत नेलं की पोरं आणि म्हातारी माणसं उपाशी राहतात. रंगासाठी ब्याडगी मिरची, झणझणीतपणासाठी संकेश्वरी, असं वाटून घ्या. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून पूड तेलातच घालावी, पण तेल कडकडीत नको. ते तापून धूर आला की पूड काळी पडते आणि रस्सा कडू होतो. या कडूपणावर इलाज नाही, ती फोडणी टाकून नवी करावी. तिखट जास्त झालं तर बाजूला ठेवलेलं अळणी पाणी घाला, साखर नको. तांबडा दाट करण्याच्या नादात खोबऱ्याचं वाटणही वाढवू नका. हा रस्सा पातळच असतो.

ज्याला तिखट लागलं त्याच्यापुढे पाणी सरकवून उपयोग नाही, तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्या.

वार न बघता तारीख ठरवणं

सोमवार, गुरुवार, शनिवार कुणी ना कुणी पाळतं, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे म्हणून अनेक घरांत सामिष होत नाही, संकष्टी आहेच. रविवार सगळ्यांना सोपा. आषाढात बेत असेल तर मटणाच्या दुकानापुढची रांग धरून वेळ ठरवा. शाकाहारी पाहुण्यांना "तुमच्यासाठी भाजी आहे" म्हणून कोपऱ्यात बसवू नका. त्यांच्यासाठी अख्खा मसूर आणि भाज्यांच्या पाण्यातला पांढरा रस्सा करा. पातेलं, पळी आणि वाढणारा माणूसही वेगळा असावा. काजू, तीळ, शेंगदाणे कुणाला चालत नाहीत, हे निमंत्रण देतानाच विचारून घ्या.

उभ्यानं रस्सा पाजू नका

एका हातात ताट, त्यात दोन डुचमळत्या वाट्या आणि दुसऱ्या हातानं भाकरी मोडायची, हे होत नाही. खाली सतरंज्या टाकून पंगत बसवा. दहा-दहाच्या दोन पंगती केल्या की भाकरीही तव्यावरून थेट ताटात जाते. घरी भाकरी थापणाऱ्या बाईंना शक्य असेल तर घरीच बोलवा. दुपारी आणून डब्यात ठेवलेल्या भाकरी रात्री कडक होतात. वाट्या स्टीलच्याच घ्या, गरम रश्श्याला कागदी द्रोण टिकत नाहीत. जेवणाजवळ उदबत्ती किंवा सुगंधी मेणबत्ती नको, मसाल्याचा वास मरतो.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उरलेला तांबडा आणि सुकं मटण उथळ भांड्यांत काढून लवकर फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून खा. नारळाच्या दुधाचा पांढरा मात्र त्याच रात्री संपवा, उरवून ठेवू नका.