चार लिफाफे आणि आठवड्याची रोकड

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी बँक खात्याचं तीन महिन्यांचं विवरण छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसले. पैसे कशावर गेले हे आठवत नाही, अशा प्रत्येक नोंदीपुढे फुली. तिसऱ्या पानावर पोटात कालवलं, इतक्या फुल्या झाल्या होत्या. घरखर्च रोखीने करायचा, हे त्याच दुपारी ठरलं. तुम्हीही या पेन्सिलीपासूनच सुरुवात करा. फुल्या जिथे दाट, तिथे रोख आणायची.

सगळंच रोखीत आणू नका. भाडं, कर्जाचा हप्ता, विमा, वीजबिल बँकेतूनच जाऊ द्या. हे रोख दिल्याने कमी होत नाही. जिथे हात आखडता घेता येतो, तेवढंच निवडा. माझे चार लिफाफे आहेत: किराणा, बाहेरचं खाणं, प्रवास, कपडे आणि भेटवस्तू. याहून जास्त केले तर सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो.

पहिल्या महिन्यात मी १ तारखेलाच सगळी रक्कम काढली. १८ तारखेला बाहेरच्या खाण्याचा लिफाफा रिकामा! तेव्हापासून दर सोमवारी आठवड्यापुरतेच पैसे काढते. इथे हिशेबाची एक चूक बहुतेकांची होते: महिन्याच्या रकमेला ४ ने भागतात. वर्षाचे आठवडे ५२, आणि १२ महिन्यांचे चार-चार धरले तर ४८च होतात. म्हणजे वर्षभरात चार आठवड्यांचे पैसे जास्त काढले जातात. महिन्याच्या रकमेला १२ ने गुणा, ५२ ने भागा. येईल तो आकडा आठवड्याचा.

फोनमध्ये आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेली कार्डं सुरुवात कराल त्याच दिवशी काढून टाका. हे केलं नाही, तर रोख संपल्यावर बोट आपोआप फोनकडे जातं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली लावून घेतली होती. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या वर गेली. तिकिटं तीच! माझ्या फुल्या कुठून आल्या, ते मला हे वाचून कळलं.

नोटा शक्य तेवढ्या मोठ्या घ्या. मोठी नोट मोडायला मन तयार होत नाही. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांच्या २००९ मधल्या अभ्यासातही तेच दिसलं. प्रवासाचा लिफाफा मात्र सुट्यांचाच ठेवा, नाहीतर रोज खोळंबा.

ऑनलाइन काही घ्यावंच लागलं, तर तेवढी रोख त्या त्या लिफाफ्यातून काढून ‘परत बँकेत’ असं लिहिलेल्या पाचव्या पाकिटात टाका आणि सोमवारी तेवढे पैसे बँकेतून कमी काढा. हे पाकीट सुचायला मला चार महिने लागले, आणि माझा हिशेब खरा जुळला तो त्यानंतरच.

एका लिफाफ्यातून दुसऱ्यात उसने घेतलेत तरी चालेल, पण ज्यातून घेतलेत त्यात चिठ्ठी ठेवा: किती, कशासाठी, कोणत्या दिवशी. घरात दोघे खर्च करणारे असाल तर हे दोघांनीही पाळायचं. आमच्याकडे सलग सहा आठवडे किराण्याच्या लिफाफ्यात बाहेरच्या खाण्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. मग एकमेकांना बोल लावत न बसता आम्ही दोन्ही आकडे नव्याने ठरवले.

रोख हरवली की गेली, त्यामुळे अंगावर फक्त त्या दिवसाचे पैसे ठेवा. बाकीचे घरी कुलपात. अडीअडचणीसाठी एक कार्ड तिथेच कुलपात असू द्या, पाकिटात नको.

रविवारी रात्री जे उरेल ते पुढच्या आठवड्यात मिसळू नका. मी ते एका डब्यात टाकते आणि महिनाअखेरीस बचत खात्यात भरते. पहिल्या महिन्यात डब्यात नुसती चिल्लर होती. तीही मी बँकेत नेऊन भरली.