कायोटीला वास लागू नये म्हणून आवाजयंत्र कुठे ठेवावे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर सावजाचे आवाज काढून जनावराला बोलावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आवाजयंत्राने कायोटीची (लांडग्यासारख्या, पण त्याहून लहान रानटी प्राण्याची) शिकार करणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी की, जनावर हाकेला येते, पण आवाजाला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, जाते आणि माणसाचा वास लागताच दिसण्यापूर्वीच पसार होते. यंत्र स्वतःच्या पायाशी ठेवणे हेच याचे मूळ आहे.

1. चिमूटभर बारीक धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहावी आणि वारा आडवा, समजा डावीकडून उजवीकडे, वाहील अशा बेताने बसावे.
2. यंत्र समोर चाळीस-पन्नास पावलांवर झुडपापाशी ठेवावे. त्याच्या उजवीकडची मोकळी जागा बंदुकीच्या टप्प्यात हवी, कारण कायोटी बहुधा तिथूनच वळसा घेते.
3. जखमी सशाचा आवाज रिमोटने हळू सुरू करून मग वाढवावा. पंधरा-वीस मिनिटे जागचे हलू नये. माझ्या मते घाईनेच सर्वाधिक संधी वाया जातात.

अशा यंत्रांविषयीचे आणि रात्रीच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असल्याने ते त्या हंगामापुरते आधी तपासून घ्यावेत.