फौजेच्या कागदात चुकलेलं नाव दुरुस्त कसं करावं

पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पत्नीचं नाव सुशीला, आधारवर लक्ष्मीबाई. असे कागद घेऊन माजी सैनिक किंवा त्याचा मुलगा येतो, तेव्हा हातात बहुधा एक ताजं प्रतिज्ञापत्रही असतं. मी ते आधी बाजूला ठेवायला लावतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेर घाईत टाइप करून घेतलेल्या त्या कागदात पुष्कळदा ‘सौ. लक्ष्मी’ असं तिसरंच नाव उगवलेलं असतं.

‘प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, पाठवून द्या’ हा सल्ला गावोगाव फिरतो. सल्ला देणाऱ्याचं काम एकदा तसं झालेलं असतं, म्हणून तो सगळ्यांना तेच सांगतो. तुमच्या कागदात नेमकी चूक कुठे आहे हे त्याने पाहिलेलं नसतं.

चूक कुठे झाली ते आधी शोधा

सगळा घोळ याच पायरीवर होतो. मलाही हे उमगायला वेळ लागला, कारण कोणी नीट सांगत नाही.

भरतीच्या वेळी जवानाचा शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा मूळ कागद, तयार होतो. लग्न झालं, मूल झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर (अशा घटनांचा लेखी आदेश) काढतं आणि त्यावरून नोंद होते. पेन्शनवर येताना त्याच नोंदींवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं आणि पेन्शनचे कागद प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) कार्यालयाकडे जातात. तिथून पीपीओ निघतो. जुन्या पीपीओंमधली माहिती पुढे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीत चढवली गेली. म्हणजे दर टप्प्यावर कोणीतरी आधीचा कागद बघून पुढचा लिहिला. ज्या टप्प्यावर हात चुकला, तिथून पुढचं सगळं चुकीचं आणि त्याआधीचं सगळं बरोबर. तुम्हाला शोधायचाय तो शेवटचा बरोबर कागद.

शीट रोल बरोबर आणि पीपीओ चुकीचा असेल, तर चूक कार्यालयाची आहे. अशा वेळी प्रतिज्ञापत्र जोडूच नका. साधा अर्ज, बरोबर नोंदीची साक्षांकित प्रत आणि ‘दुरुस्ती पीपीओ काढावा’ एवढी एकच विनंती पुरते. ‘ही दोन्ही नावे माझ्याच पत्नीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र जोडलंत, तर टेबलावरचा क्लार्क प्रकरण नावबदलाच्या फायलीत टाकतो. मग जाहिरात आणा, अमुक दाखला आणा, अशी पत्रं सुरू होतात. नसलेली चूक तुम्हीच कबूल केलेली असते.

पीपीओ बरोबर आणि फक्त स्पर्शवर चुकलंय, तर पीपीओची प्रत जोडून स्पर्शवरच तक्रार नोंदवा.

फौजेचे सगळे कागद एकमेकांशी जुळतात, वेगळं फक्त आधार आहे? मग आधार बदला. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण पेन्शनचे कागद हलवण्यापेक्षा आधार हलवणं कितीतरी सोपं. मात्र आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा फॉर्म भरताना पीपीओ समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

शीट रोललाच चुकीचं नाव असेल, तरच प्रतिज्ञापत्राची वाट धरायची.

शीट रोल घरी नसतो. तो पाहायला तुमच्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘माझ्या पत्नीचे नाव चुकीचे का लिहिले’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. मागणी अशी लिहा: पत्नीचे नाव व जन्मतारीख या नोंदीची साक्षांकित प्रत, आणि ती नोंद ज्या पार्ट टू ऑर्डरने झाली तिचा क्रमांक व तारीख. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. जबलपूरच्या रेकॉर्ड ऑफिसात मराठी अर्ज वाचायला कोणी बसलेलं नसतं.

कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला?

मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री यांचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारा ब्युरो मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला. रेजिमेंटचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस एकाच छावणीत असलं तरी कार्यालयं वेगळी. सेंटरमध्ये ओळखीचे सुभेदार साहेब आहेत म्हणून त्यांच्या हातात कागद देऊन घरी येऊ नका.

प्रतिज्ञापत्र लागलंच तर

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. लग्नाआधी भरती झालेल्या जवानाने युनिटला कळवलं माहेरचं नाव, आणि गावात रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे लागलं सासरचं. उत्तरेतल्या क्लार्कला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि दुसऱ्या लग्नाचा संशय आला की फाइल थांबते. म्हणून प्रतिज्ञापत्रात एक वाक्य हवंच: माहेरचे नाव अमुक, विवाह अमुक तारखेस, विवाहानंतर प्रथेप्रमाणे नाव तमुक, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची. लग्नाची तारीख पार्ट टू ऑर्डरमध्ये असेल तीच घाला, पत्रिकेवरची वेगळी असली तरी.

चुकीचं नाव फौजेच्या कागदात जसं आहे तसंच, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवा. बरोबर नाव आधारवर आहे तसं. मध्ये कुठेही स्वतःहून ‘बाई’, ‘राव’ किंवा ‘सौ.’ लावायचं नाही. मजकूर इंग्रजीत असावा, कारण भांडण स्पेलिंगचं आहे. सही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करा. नोटरीसमोरचं स्वस्तात आणि लवकर होतं, पण ते परत आलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणाला सुचवतच नाही.

वर्तमानपत्रातली जाहिरात रेकॉर्ड ऑफिसने मागितली तरच द्या. एक इंग्रजी आणि एक मराठी पेपर बहुधा लागतो. कात्रण पाठवू नका, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान पाठवा.

तीन गोष्टी ज्यांत घोटाळा होतो

जवानाची स्वतःची जन्मतारीख बदलायच्या फंदात पडू नका. भरतीला नोंदली तीच पेन्शनभर चालते. आधार तिच्याशी जुळवून घ्या.

पीपीओत पत्नीचं नावच नसेल, तर ती नावातली दुरुस्ती ठरत नाही. तिथे जॉइंट नोटिफिकेशन, म्हणजे जवानाच्या पीपीओत पत्नीचंही नाव घालणं, मागावं लागतं, त्याचा अर्ज वेगळा.

पत्नीची जन्मतारीख मात्र आवर्जून पाहा. जुन्या पीपीओंत ती पुष्कळदा नसतेच. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि 100 पूर्ण झाल्यावर 100 टक्के वाढ मिळते, आणि ती कागदावरच्या जन्मतारखेवर ठरते. हे काम जवान हयात असताना करा. त्याच्या सहीच्या अर्जावर जे होतं, त्यासाठी विधवेला स्वतःची ओळख सिद्ध करत बसावं लागतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या घरटी फौजी असलेल्या गावांतही हे ‘बघू नंतर’वर टाकलेलं असतं.

पाठवणं आणि नंतर

अर्जाच्या प्रत्येक पानावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ क्रमांक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा. तिथे शिक्का मिळतो, आवक-जावक नोंद राहते, पैसे लागत नाहीत. पैसे मागणारा एजंट वेगळं काहीच करत नाही. उत्तर येत नसेल तर आधी स्मरणपत्र, मग केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंद. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, पण एका स्पेलिंगसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

दुरुस्ती पीपीओ हातात पडला की नवं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. दुरुस्तीतही चुका होतात. मग ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि बँक इथेही नाव बदलून घ्या. जुना पीपीओ टाकून देऊ नका. दुरुस्तीच्या कागदावर फक्त बदललेली नोंद असते, बाकीची सगळी माहिती मूळ पीपीओवरच राहते, त्यामुळे दोन्ही एकत्र टाचून ठेवा आणि कुठेही प्रत देताना दोन्हींची द्या.