कोंबडीची मान वाकडी झाली तर

श्रावणातल्या एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर पाच जणी बाहेर पळाल्या आणि बुंदी आतच राहिली. डोकं इतकं मागं टाकलेलं की तुरा पाठीला टेकत होता, नजर वर पत्र्याकडे. उठायला जायची आणि मागच्या मागं कोलमडायची. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून निकाल दिला, "मानमोडी आहे. आजच काप, नाहीतर उद्या सगळ्या जातील."

मी पुण्यातल्या धायरीत ब्लाउज शिवते. घरामागं अर्धा गुंठा जागा, एक शेवगा आणि सहा गावरान कोंबड्या. बुंदी वाचली, अजून अंडी देते. तिच्या आधी चिंगी मात्र गेली. दोघींच्या वेळी जे शिकले ते सांगते. डॉक्टर मी नाही. डॉक्टर भेटेपर्यंतचे दोन दिवस कसे काढायचे, एवढंच मला येतं.

सगळ्यात आधी तिला बाकीच्यांपासून लांब न्या. रोग पसरतो म्हणून तर खरंच, पण पडलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचून टोचून रक्तबंबाळ करतात म्हणूनही. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, तळाला तूस आणि वर जुनी चादर. जागा सावलीची, वारा न लागणारी, शांत. दाणापाणी आधी निरोग्यांना, मग आजारीला. तिच्याकडे जाताना चपला वेगळ्या, आल्यावर हात साबणानं धुवायचे.

मग चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना करतो तशीच, पण जाड. मी जुन्या टॉवेलची केली. कोंबडीचं छातीचं हाड मधल्या खळग्यात आणि पाय पोटाखाली येतील अशी तिला बसवायची. कुशीवर पडून राहिलेली कोंबडी पाणी पिऊ शकत नाही, विष्ठेत लडबडते, एकाच बाजूवर दाब येऊन कातडी सोलवटते. चुंबळीत ती सरळ राहते आणि तिची धडपडही थांबते. दर दोन-तीन तासांनी जरा हलवायची, शेपटाखालची पिसं कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायची. औषधाच्या दुकानात धावण्याआधी एवढं करा.

पाणी पाजताना मी पहिल्या दिवशी मोठी चूक केली. चोच उघडून ड्रॉपर सरळ आत पिळला आणि बुंदी घुसमटली. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. मधोमध पाणी सोडलं की ते फुप्फुसात जातं. थेंब चोचीच्या कडेला, बाहेरून लावायचा. ती जीभ हलवून तो आत ओढते, गिळते, मग पुढचा. मान उलटी असेल तर एका हातानं डोकं हलकेच नेहमीच्या जागी आणायचं, पण जोर लावून सरळ करायचं नाही. धडधाकट कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. थेंबाथेंबानं तेवढं जाणार नाही, म्हणून दर तासाला थोडं थोडं. खाणं म्हणजे भिजवलेला लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, पेजेसारखा, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. गळ्याखालची पिशवी आदल्या रात्रीची सकाळपर्यंत रिकामी झाली नसेल तर आणखी भरायचं नाही.

आता नीट निरखायचं. आधी बघा, आजार मेंदूचा-नसांचा आहे तरी का. पायाच्या तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर ती नुसती लंगडतेय. शेपटाखाली फुगून अंडं अडकलेलं असलं तरी ती पाय गाळून बसते. कॅल्शियम कमी पडलेल्या अंड्यावरच्या कोंबड्याही एकाएकी खाली बसतात. हे सोडून मान, पाय किंवा तोल बिघडला असेल, तर तो कसा बिघडला यात बरंच कळतं.

चिंगी तलंग होती, चार-साडेचार महिन्यांची. तिचा एक पाय पुढं आणि एक मागं पसरला होता, एक पंख लोंबत होता. खाण्यापिण्याची इच्छा शाबूत, पण वजन रोज उतरत होतं. हा मॅरेक रोग. योसेफ मॅरेक या हंगेरीच्या पशुवैद्यानं १९०७ साली पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. विषाणू नसांमध्ये गाठी करतो आणि पिसांच्या कोंड्यातून पसरतो. काही कोंबड्यांत डोळ्याची बाहुली राखाडी, वेडीवाकडी होते. याला औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यावी लागते. म्हणून पिल्लं घेतानाच विचारा. मी दारावर आलेल्या माणसाकडून घेतली होती, विचारलं नव्हतं. चिंगीला तीन आठवडे मी चुंबळीत सांभाळलं. आज वाटतं, दोन आठवडे जास्तच झाले.

मानमोडी म्हणजे रानीखेत. यात मान पिळवटते हे खरं, पण त्याच्या जोडीला बहुतेक वेळा हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून घरघरता श्वास असतो, आणि एकट्या कोंबडीवर तो सहसा थांबत नाही. काकूंचं म्हणणं मला इथंच पटलं नाही. बुंदीची विष्ठा ठीक होती, बाकीच्या पाच जणी शेवग्याखाली माती उकरत होत्या, आणि सगळ्यांना रानीखेतची लासोटा लस दिलेली होती. रानीखेतलाही इलाज नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, पुढं दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. कुपीत मात्रा पुष्कळ असतात आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळं आळीतल्या तीन-चार घरांनी मिळून आणणं परवडतं. बर्फाच्या थर्मासमधून आणायची. आजारी पडल्यावर लस टोचून उपयोग नाही.

मान पिळलेली नसून ओल्या फडक्यासारखी लुळी, जमिनीवर टेकलेली असेल तर काहीतरी सडकं किंवा मेलेल्या उंदीर-घुशीवरच्या अळ्या खाल्ल्यात का बघा. लाळ, थरथर, झटके एकदम सुरू झाले तर आदल्या दिवशी कुणी कीटकनाशक फवारलं होतं का, झुरळांचा खडू ओढला होता का, उंदराचं औषध टाकलं होतं का ते आठवा. या दोन्हींत संध्याकाळची वाट बघायची नाही. औषधाचं पाकीट सोबत घेऊन निघायचं.

आणि दोन-चार एकाच दिवशी पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर हात लावू नका, कापू नका, जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन करा. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला होता, विसरू नये. आजारी कोंबडी कुठल्याच कारणानं शिजवून खायची नाही, हे काकूंनाही सांगितलं.

बुंदीचं यातलं काहीच जुळत नव्हतं. जवळच्या एका दवाखान्यात "एवढ्याशा कोंबडीला काय बघायचं" म्हणून परत पाठवलं. मग तिला डालग्यात चुंबळीसकट ठेवून औंधच्या सरकारी पशुचिकित्सालयात नेलं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, आत काय आहे?" म्हटलं, "पेशंट."

तिथल्या डॉक्टरांनी तिला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, खायला काय घालता?" सांगताना लाजच वाटली. लेयर मॅशचं पोतं महाग झालं होतं आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतून रोज उरलेला भात फुकट यायचा. महिनाभर सगळ्या भातावरच होत्या. बाकीच्या दिवसभर बाहेर किडे-गवत शोधायच्या. बुंदी खुडूक बसलेली, तिला जे पुढ्यात टाकलं तेवढंच. डॉक्टर हसले आणि जावाची गोष्ट सांगितली. तिथं १८९० च्या सुमारास आइकमान नावाच्या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अशाच माना टाकून लुळ्या पडल्या होत्या. त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या कोंड्यात बी-वन जीवनसत्त्व असतं, हा शोध त्यातून पुढं लागला आणि आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं.

बुंदीला बी-वनचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी शिवायला बसले होते, क्रेटमधून टकटक ऐकू आली. मान अजून तिरकी, पण ती स्वतः मॅश टिपत होती. एवढा झटपट गुण बी-वन कमी पडल्यावरच दिसतो. ई जीवनसत्त्व कमी पडून किंवा डोक्याला मार लागून मान फिरली असेल तर आठवडे जातात. त्यात ई आणि सेलेनियम देतात, पण सेलेनियम जास्त झालं तर विषारी, म्हणून मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरात उरलेलं अँटिबायोटिक घालू नका. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथंच विचारून घ्या.

पायात जोर नव्हता म्हणून मी अस्तराच्या कापडाची झोळी शिवली. पायांना दोन भोकं, विष्ठेसाठी एक, चारी टोकं क्रेटच्या कडांना बांधलेली, पंजे जेमतेम तळाला टेकतील एवढी उंची. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. जास्त नको, छातीवर भार येतो. आठव्या दिवशी तिनं झोळीतून उडी मारली आणि माझ्या खडूच्या डब्यात पडली.

परत सोडताना घाई करू नये. चार दिवस क्रेट खुराड्याला लागून ठेवला, पाचव्या रात्री अंधारात तिला दांडीवर बसवलं. सकाळी थोडी टोचाटोची झाली आणि मिटली.

एखादी गेलीच आणि कारण कळायला हवं असेल, तर पिशवीत बांधून बर्फात ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत न्या. नाहीतर तीन फूट खोल खड्डा, वर चुना. चिंगीला मी ओढ्याच्या कडेला ठेवणार होते, मुलानं अडवलं ते बरं केलं. कुत्र्यांनी ती गल्लीभर केली असती.

खानावळीतला भात अजून येतो. मूठभर टाकते, बाकीचा समोरच्यांच्या गाईला जातो.