व्हीलचेअरवाल्या माणसासाठी घर बघताय? आधी टेप घ्या

आमच्या दादासाठी फ्लॅट शोधताना ब्रोकर म्हणायचा "लिफ्ट आहे ना साहेब", आणि जाऊन बघितलं की लिफ्टच्या आधीच तीन पायऱ्या. म्हणून टेप खिशात ठेवाच. संडासाचा दरवाजा आधी मोजा, बहुतेक घरांत तो सगळ्यात अरुंद असतो, ३ फूट असेल तर उत्तम, आणि आत खुर्ची वळवायला साधारण ५ फूट मोकळी जागा लागते. रॅम्पचं गणित सोपं आहे, १ फूट चढाला १२ फूट लांबी, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट, मिस्त्री ६ फुटांत उरकतो म्हणाला तर ऐकू नका, ती घसरगुंडी होते.

कागदांचं म्हणाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी काढा. ४०% किंवा जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी घरवाटप योजनांमध्ये ५% आरक्षण आहे, म्हाडाच्या लॉटरीतही वेगळा गट असतो, फॉर्म भरताना तोच निवडा, नाहीतर सर्वसाधारण गटात जाऊन बसाल.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची 'समर्थ-कम-घरौंदा' (आधीची 'घरौंदा') ही योजना बघा, त्यात प्रौढांसाठी राहणं आणि देखभाल असते. आईबाप थकल्यावर धावपळ नको, कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे आत्ताच टाका.