गुहागरात चार दिवस निवांत: आधी तिथी बघा, मग खोली

गुहागरची सहल आखताना बहुतेक जण आधी खोली शोधतात, मग "आजूबाजूला काय बघायचं" याची यादी करतात. यादी दहा ठिकाणांची होते आणि चार दिवस गाडीतच जातात. गुहागरला करायचे मुख्य काम म्हणजे समुद्रावर असणे. समुद्र कधी कसा असेल हे भरती-ओहोटीवर ठरते आणि भरती तिथीवर. म्हणून आधी कालनिर्णय काढा.

हिशेब कोकणात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. एका भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती आणि दर दिवशी सगळे सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढे पुरते.

आता याचा उपयोग बघा. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला भरती असते, पाणी वर आलेले, चालायला उरते ती पाय रुतवणारी कोरडी वाळू. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. तेव्हा ओली, घट्ट, सपाट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, लांबवर उघडी पडते. गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब आणि पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा अशा संध्याकाळी अनवाणी चालत सूर्यास्त बघणे यासारखे सुख नाही. पौर्णिमा असेल तर मागे वाडीतल्या माडांवरून त्याच वेळी चंद्र वर येतो. म्हणून तीन रात्री अशा धरा की मधला दिवस पौर्णिमेचा किंवा अमावस्येचा पडेल.

महिन्यांचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आंब्यासाठी एप्रिल-मे, पण घाम आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी हवी. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. हिरवळ बघायला जा, पाण्यात उतरायला नाही. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात काय येईल याची खात्री नाही. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी टाळा. गणपतीत तर जाऊच नका: चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात आणि खाणावळ चालवणारी घरे स्वतःच्या पाहुण्यांत अडकलेली असतात.

रेल्वेने यायचे तर चिपळूणला उतरा, तिथून गुहागर सुमारे 45 किलोमीटर. मुंबईहून दिवसा यायला मांडवी एक्स्प्रेस सोयीची. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. सुट्ट्यांच्या तारखा असतील तर त्याच दिवशी सकाळी करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात. चिपळूणहून एसटी आहे, पण सामान जास्त असेल तर निवासवाल्यांनाच गाडी सांगायला लावा. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी कुंभार्ली घाट उजेडी उतरेल असे निघावे. पेट्रोल चिपळूणला किंवा शृंगारतळीला भरून घ्या. दापोलीकडून येत असाल तर दाभोळ–धोपावे फेरीबोट वाशिष्ठीची खाडी ओलांडून देते, गाडीसकट. पुढे गणपतीपुळ्याला जायचे तर तवसाळ–जयगड फेरी. दोन्हींची शेवटची फेरी किती वाजता हे निघण्याआधी फोन करून विचारा. ती चुकली की लांबचा रस्ता धरावा लागतो.

खोलीबद्दल. गुहागरची रचना समजून घेतली की निवड सोपी होते. एक लांब रस्ता समुद्राला समांतर जातो, घरे त्या रस्त्यावर, घरामागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण. म्हणजे घर "समुद्रकिनारी" आहे असे सांगितले तरी प्रश्न एवढाच की मागच्या वाडीतून थेट वाट आहे का. ती असेल तर समुद्र पाच मिनिटांवर. नसेल तर प्रत्येक वेळी रस्त्याने वळसा. व्याडेश्वराचे देऊळ आणि एसटी स्टँड गावाच्या मध्यात. वरचापाट आणि खालचापाट हे दोन्ही बाजूंचे भाग त्या मानाने शांत, आणि निवांत राहायचे असेल तर तेच बघावे. फोनवर एवढे विचारा: वाडीतून वाट आहे का, वीज गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का, खिडक्यांना मच्छरांची जाळी आहे का, जेवण घरात मिळते की बाहेर जायचे आणि जेवणाचे किती आधी सांगायचे. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरगुती खाणावळीत माणसे मोजून भात लावतात. दीडला जाऊन सहा ताटे मागितली तर हात हलवत परत यावे लागते. दुपारच्या जेवणाचे सकाळी नाश्त्यालाच सांगा, उकडीच्या मोदकांचे आदल्या दिवशी. मासे हवे असतील तर खोली घेतानाच विचारा, कारण बरीच घरे पूर्ण शाकाहारी आहेत. रोख तीन-चार हजार जवळ ठेवा, मोबाइलची रेंज गेली की पैसे पाठवणेही अडते.

रोज बाहेरचे एकच ठिकाण, तेही अर्धा दिवस. हेदवीला दशभुज गणपती आहे आणि किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ. कातळाच्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो, पण भरतीलाच. ओहोटीला गेलेले लोक "यात काय बघायचं" म्हणून परत येतात. पौर्णिमेच्या दुपारी उधाण असते, तेव्हा अकरा-बारापर्यंत पोचा आणि घळीच्या तोंडापासून लांब उभे राहा; कातळ शेवाळलेला असतो आणि एखादी लाट अचानक मोठी येते. चतुर्थीला देवळात रांग असते. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, नाहीतर अंजनवेलचा गोपाळगड. गडावर सावली कमी, म्हणून सकाळी नऊच्या आत.

पोहायचे ते भरती चढत असताना, कमरेएवढ्या पाण्यात. पौर्णिमेच्या सुमारास सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बसते. भरती उलटली की पाणी आत ओढते. लाटा फुटत नाहीत असा शांत, गडद पट्टा दिसला की लोक मुलांना नेमके तिथेच उतरवतात. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत समुद्रात जात असते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवे पोहत बाजूला सरका, मग किनाऱ्याला या. जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि श्वास लागत असेल तर लगेच डॉक्टर गाठा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरले की खालची सैल वाळू उघडी पडते, रेस द्याल तितके रुतते आणि तोवर भरती लागलेली असते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला किनाऱ्यावर जाळीची कुंपणे दिसतील, ती ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची. रात्री तिथे टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका, पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालतात.

निघताना आमसुले, सुपारी, फणसपोळी, कुळथाचे पीठ घ्याच. मात्र कोकमाच्या बाटल्या घेताना चिठ्ठी वाचा: आगळ खारट असते, ते सोलकढीसाठी, सरबताला अमृत कोकम. आगळात साखर घालून सरबत करू पाहणारे दर वर्षी भेटतात. बाटलीचे झाकण मेणबत्तीच्या मेणाने बंद करून घ्या आणि ती उभी, सावलीत ठेवा. घाटाच्या वळणांत आडवी झाली तर डिकीतला लाल डाग जात नाही.